पाचारण आणि पोटापाण्याचा धंदा : वाशिमच्या मिशन दवाखान्याच्या निमित्ताने

मराठी बायबलमध्ये ‘पाचारण’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. एरवी आपण वैद्याला पाचारण करतो, अग्निशामक दलाला पाचारण करतो. बायबलमध्ये पाचारण करणारा देव असतो आणि ज्याला हाक येते तो साधा माणूस असतो : मासे धरणारा, जकात वसूल करणारा, मेंढरे राखणारा. मूळ ग्रीक शब्द ‘क्लेसिस’, म्हणजे हाक. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने या हाकेला जर्मन भाषेत ‘बेरूफ’ हा शब्द रूढ केला आणि त्यात देवाची हाक व माणसाचा धंदा हे दोन अर्थ एकत्र आणले. तोवर युरोपात ‘हाक आली’ म्हणजे माणूस मठात गेला, असे समजत. ल्यूथरने १५२० मध्ये जर्मन उमरावांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत ही भिंत पाडली. चांभार, लोहार, शेतकरी हे सगळे धर्मगुरूइतकेच देवाला वाहिलेले आहेत आणि आपापल्या कामातून त्यांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्ये या एका शब्दाच्या आधारे भांडवलशाहीच्या मनोवृत्तीची मीमांसा केली. ती चर्चा मराठीतही बरीच झाली आहे.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. रोजच्या कामात देवाचा हेतू असतो, हा विचार ज्या समाजात माणूस आपला धंदा थोडाफार निवडू शकतो तिथे एका अर्थाने ऐकला जातो. जिथे धंदा जन्माबरोबर कपाळी लिहिलेला असतो, तिथे त्याचा अर्थ काय होतो? वऱ्हाडात, त्यातही वाशिमसारख्या ठिकाणी, हा विचार ख्रिस्ती मिशनबरोबर आला तेव्हा त्याचे काय झाले, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

कामाची ख्रिस्ती कल्पना

आधी मूळ कल्पना नीट समजून घेऊ. ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी. ही गोष्ट पापाच्या आधीची आहे. म्हणजे काम ही शिक्षा नव्हे. शिक्षेत आला तो घाम आणि काट्याकुसळांचा त्रास. त्या ठिकाणी मशागतीसाठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच इतरत्र देवाची सेवा, उपासना या अर्थानेही येते. आपल्याकडे ‘सेवा’ हा शब्द देवाच्या पूजेलाही चालतो आणि नोकरीलाही, तसेच काहीसे.

नव्या करारात येशूला गावकरी ‘सुतार’ म्हणून ओळखतात, तेही थोड्या हेटाळणीने. पौल करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे उतरतो, कारण तिघांचा धंदा एकच : राहुट्या शिवण्याचा. सुवार्ता सांगावी आणि पोटासाठी शिवावे, यात पौलाला कमीपणा वाटत नाही.

पण याच पौलाच्या पत्रांत दोन अवघड जागा आहेत. कलस्सैकरांस लिहिताना तो जे कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवाभावाने करा, असे सांगतो. कामाच्या प्रतिष्ठेवर बोलताना उपदेशक हमखास या वचनाचा आधार घेतात. मात्र ते वचन दासांना, म्हणजे गुलामांना उद्देशून आहे, हे क्वचितच सांगितले जाते. दुसरी जागा करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात. पाचारण झाले तेव्हा माणूस ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत त्याने राहावे, असा त्या वचनाचा आशय. युरोपातल्या शेतकऱ्याला हे वाक्य धीर देणारे वाटले असेल. वऱ्हाडातल्या गावकुसाबाहेरच्या माणसाच्या कानी ते पडले, तर त्यात त्याला पाटलाचा आवाज ऐकू आला नसता का?

सावता, गोरा आणि चोखा

मराठी माणसाला ही कल्पना मुळीच परकी नव्हती. सावता माळ्याला मळ्यात विठ्ठल दिसला. गोरा कुंभाराने चिखल तुडवता तुडवता नाम घेतले. नरहरी सोनार, सेना न्हावी या सगळ्यांनी हातातले हत्यार खाली न ठेवता देव गाठला. कानडी मुलखात बसवेश्वरांनी ‘कायक’ म्हणून श्रमालाच कैलासाचा दर्जा दिला. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. यात नवल नाही. हा पूल आधीपासून बांधलेला होता.

पण या मालिकेत चोखामेळाही आहेत, आणि त्यांच्यापाशी आले की पूल डळमळतो. वाशिमला लागून असलेल्या बुलडाणा जिल्ह्यातले मेहुणाराजा हे त्यांचे जन्मगाव, अशी परंपरा आहे. मेलेली ढोरे ओढणे हे त्यांच्या वाट्याचे काम. त्यातही त्यांनी नाम सोडले नाही. तरी त्यांना देवळाबाहेरच राहावे लागले आणि मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत अंगावर कोसळून ते गेले. सावता माळ्याने मळा सोडला नाही तो मळा आवडत होता म्हणून, असे म्हणता येते. चोखोबांना ढोर ओढणे सोडायचे असते तर सोडता आले असते काय? कामात देव सापडणे ही एक गोष्ट आणि त्या कामातून सुटका नसणे ही दुसरी. संतांच्या मालिकेत या दोन्ही गोष्टी शेजारी उभ्या आहेत. आपण कीर्तनात पहिली ऐकतो आणि दुसरीकडे कानाडोळा करतो.

मिशनऱ्यांनी आणलेल्या शुभवर्तमानाची परीक्षा नेमकी इथे होणार होती. मराठी मुलखातल्या मिशनांमध्ये महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांना ‘तुझ्या कामात देवाचा हेतू आहे’ असे सांगायचे, तर कोणते काम?

एक योगायोग इथे नोंदवावासा वाटतो. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये छापणारा विल्यम कॅरी मूळचा जोडे शिवणारा कारागीर होता. त्याच्या मराठी कामात त्याला साहाय्य करणारे वैजनाथ शर्मा हे पंडित होते. जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली पंडिताने भाषेचे काम करावे, हे त्या काळच्या मराठी गावात घडले नसते. ते घडले दूर बंगालमध्ये.

बाशिम आणि दुष्काळ

आजचे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इंग्रजी कागदांत ते ‘बाशिम’ म्हणून येते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, पुढे बाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९०५ च्या फेररचनेत तो मोडून अकोला व यवतमाळ यांत विभागला गेला. वाशिम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

मधल्या काळातली सर्वांत मोठी घटना म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. संवत १९५६ मधला म्हणून त्याला छपन्नचा दुष्काळ म्हणतात. १९०१ च्या शिरगणतीत बाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांत ती सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती. कापसाच्या काळ्या मातीचा हा मुलूख. सरकारी कामांवर खडी फोडून लोक तगले. पोरक्या मुलांचा प्रश्न उभा राहिला आणि मराठी मुलखातल्या मिशनांकडे अनाथालये आली.

अनाथालय म्हटले की पुढचा प्रश्न येतोच : ही मुले मोठी होऊन काय करणार? गावात परत गेली तर जुने बलुते वाट पाहत होते, किंवा तेही नव्हते. म्हणून मिशनांनी धंदेशिक्षण काढले. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली-बायांची संख्या १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या घरात गेली. तिथे विणकाम, शिवण, तेलघाणा, दूधदुभते, शेती आणि छापखाना असे सगळे चाले. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून छापला. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाला. अक्षर ज्यांच्या वाटेला येणार नव्हते, त्यांनीच शास्त्राचे खिळे जुळवले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे अभियंते सुधारित हातमाग बनवण्यात गुंतले होते. मागावर बसणाऱ्याच्या हाताला कमी कष्ट आणि जास्त कापड, हाही त्यांच्या लेखी धर्मकार्याचाच भाग होता.

बाशिममध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाचे मिशन होते. मेथडिस्टांचे मूळपुरुष जॉन वेस्ली. त्यांनी १७४७ मध्ये गरिबांसाठी स्वस्त घरगुती औषधांचे पुस्तक काढले होते. मनाचा पालट झाला की तो हातात दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९३० च्या दशकात हे ठाणे चर्च ऑफ द नाझरीन या पंथाकडे आले. या पंथाचे काम बुलडाण्याला आधीपासून होते. नाझरीन हेही वेस्लींच्याच वळणाचे. पवित्रतेवर त्यांचा विशेष भर.

‘पवित्रता’ हा शब्द वाशिमात कसा ऐकला गेला असेल? बालाजीच्या या गावाला पवित्र म्हणजे सोवळे हे सांगावे लागत नव्हते. रक्त, विटाळ, बाळंतपण, मढे यांपासून दूर राहणे म्हणजे सोवळे. आणि पवित्रतेचा उपदेश करणाऱ्या या नव्या पंथाने गावात काय उभारले, तर दवाखाना : जिथे दिवसभर रक्त, विटाळ, बाळंतपण आणि मढे यांच्याशीच गाठ.

दवाखान्यातले काम

डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरबाई १९३६ मध्ये भारतात आल्या. एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी दवाखान्याची मांडामांड केली आणि १९३८ च्या सुमारास रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. हायरम रेनॉल्ड्स या नाझरीन नेत्याचे नाव त्याला दिले गेले. गावाच्या तोंडी मात्र ‘मिशन दवाखाना’ हेच. स्पायकरबाई तिथे सुमारे चाळीस वर्षे राहिल्या. शस्त्रक्रिया, बाळंतपणे, हिशेब, बांधकामावर देखरेख असे सगळेच त्यांच्या गळ्यात होते. यात ‘देवाचे काम’ कोणते आणि ‘वरकड’ कोणते, अशी विभागणी करायला त्यांना सवड होती असे दिसत नाही.

या दवाखान्यात येण्यासाठी निघालेल्या दोघींची कथा वेगळीच आहे. डॉ. एव्हलिन विटहॉफ आणि परिचारिका जेराल्डिन चॅपेल १९४१ च्या अखेरीस भारताच्या वाटेवर असताना फिलिपिन्समध्ये अडकल्या. जपान्यांनी मनिला घेतले आणि या दोघी सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारातल्या कैदछावणीत पडल्या. सुटका झाली फेब्रुवारी १९४५ मध्ये. छावणीत कैद्यांना रोजची कामे वाटून दिलेली असत : तांदूळ निवडणे, भाजी चिरणे, संडास साफ ठेवणे. ज्या कामासाठी देवाने बोलावले असे मानून घर सोडले, त्याच्या वाटेवर तीन वर्षे हीच कामे. दोघींनी या काळाची आठवण पुस्तकरूपाने लिहून ठेवली आहे. सुटल्यावर त्या परत फिरल्या नाहीत. भारतात आल्या आणि कामाला लागल्या. पाचारणाची कल्पना किती चिवट असू शकते, याचा हा नमुना.

तरीही माझ्या मते या दवाखान्याचा खरा इतिहास परदेशी बायांचा नाही. तो तिथे शिकून परिचारिका झालेल्या इथल्या मुलींचा आहे. त्यांची नावे इतिहासात क्वचितच येतात. त्या काळी घरंदाज समजल्या जाणाऱ्या कुटुंबांना मुलीने परक्या पुरुषाला स्पर्श करावा, रात्रपाळी करावी, मलमूत्र उचलावे हे मान्य नव्हते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार अख्ख्या हिंदुस्थानात परिचारिका सुमारे सात हजार होत्या, म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक. त्यांत बहुसंख्य ख्रिस्ती होत्या आणि मिशन दवाखान्यांत शिकलेल्या होत्या.

इथे एक कठोर शंका घेणे भाग आहे. गावात बाळंतपण करणारी सुईण बहुधा मांग समाजाची असे. घाण उपसणे, मढी हलवणे ही कामे कोणाच्या वाट्याला होती, ते सर्वांना ठाऊक आहे. मग त्याच समाजांतून ख्रिस्ती झालेल्यांच्या मुलींनी दवाखान्यात तेच काम करायचे आणि त्याला ‘देवाची सेवा’ म्हणायचे, हा जुन्याच कामाला पांढरा गणवेश चढवण्याचा प्रकार नव्हे काय?

शंका वाजवी आहे, पण चार फरक दिसतात. पहिला : हे काम शिकावे लागत होते. अभ्यास, परीक्षा, प्रमाणपत्र यांतून ते येत होते. जन्मातून येत नव्हते. दुसरा : त्याला महिन्याला ठरलेला रोख पगार होता. बलुते मागावे लागते, पगार मागावा लागत नाही. तिसरा : तेच काम डॉक्टरबाई आणि परदेशी परिचारिका स्वतःच्या हातांनी करत होत्या. जे काम वरच्या पायरीवरचा माणूसही करतो, त्याला चिकटलेला डाग फार काळ टिकत नाही. चौथा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा : ते सोडता येत होते. प्रमाणपत्र हाती असलेली मुलगी नागपूरला किंवा मुंबईला नोकरी धरू शकत होती.

आता पौलाच्या त्या अवघड जागेकडे परत जाता येते. ज्या स्थितीत हाक आली त्यात राहा, असे सांगून तो थांबत नाही. पुढच्याच वचनात तो दासाला, तुला मोकळे होता येत असेल तर ती संधी घे, असे सांगतो. निदान ग्रीकचा सर्वाधिक मान्य अर्थ असाच आहे. अध्यायाच्या त्याच भागात माणसांचे गुलाम होऊ नका, असा इशाराही आहे. एक वचन सुटे काढून वाचले की बेडी होते. सगळी वचने मिळून वाचली की दार दिसते.

१९३६

स्पायकरबाई आल्या ते १९३६ हे वर्ष आणखी दोन कारणांसाठी लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध झाले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच उतरंड लावलेली विभागणी आहे, हा त्यातला सिद्धान्त. त्याच महिन्याच्या शेवटी मुंबईत महार परिषदेपुढे त्यांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण केले. आणि त्या वर्षीच एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. गांधीजींचा शरीरश्रमाचा विचार टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्याकडून आला होता. रस्किनच्या ज्या पुस्तकाने त्यांना १९०४ मध्ये झपाटले, त्याचे नावच मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातून घेतलेले आहे. मळ्याचा धनी दिवस मावळताना कामाला लावलेल्यालाही पहाटेपासून राबणाऱ्याइतकीच मजुरी देतो, अशी ती गोष्ट.

गांधीजी म्हणत होते की संडास सफाईसुद्धा प्रत्येकाने करावी, म्हणजे ती हलकी राहणार नाही. बाबासाहेब म्हणत होते की काम पवित्र ठरवण्याआधी माणसाला ते सोडण्याचा हक्क द्या. विदर्भापुरते बोलायचे तर हातात खराटा घेऊन गावोगाव झाडणारे गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. परिटाच्या घरात जन्मलेल्या या माणसाने खराटा स्वतः निवडला होता. वाशिमच्या दवाखान्यातली परिचारिका या तिघांच्या मधोमध उभी दिसते. तिने हे ग्रंथ वाचले नसतीलही. प्रश्न मात्र तिच्या रोजच्या पाळीचा होता.

सेवा की साधन?

मिशन दवाखान्यांवरचा जुना आक्षेप टाळून चालणार नाही. आजाऱ्याच्या अडचणीचा फायदा धर्मांतरासाठी घेतला जातो, असे गांधीजी अनेकदा सांगत. वऱ्हाड मध्य प्रदेशात असताना त्या सरकारने १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; १९५६ च्या तिच्या अहवालाने शाळा-दवाखान्यांच्या अशा वापरावर कडक टीका केली. ख्रिस्ती संस्थांनी अहवाल एकांगी म्हणून नाकारला. तो वाद इथे निकालात निघणार नाही.

पण या लेखाच्या विषयाच्या अंगाने एक गोष्ट सांगता येते. दवाखाना हे केवळ लोकांना जवळ आणण्याचे आमिष असेल, तर जखम धुण्याला स्वतःची काही किंमत उरत नाही. ती पुढच्या उपदेशाची प्रस्तावना ठरते. उलट, रोजच्या कामातच देवाचा हेतू आहे हे खरोखर मानले, तर जखम नीट धुतली गेली, इथे ते काम पूर्ण होते. रोगी हिंदू राहो की मुसलमान. म्हणजे मिशनऱ्यांच्या स्वतःच्याच श्रद्धेत त्या आक्षेपाचे उत्तर होते, आणि जिथे ते तिच्याशी प्रामाणिक राहिले नाहीत तिथे आक्षेप खरा ठरला. दोन्ही प्रकारची माणसे मिशनांत होती.

दुसरी कसोटी आपल्या राज्यव्यवस्थेची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून जात सुटली, असे कायदा धरून चालतो. गाव तसे धरून चालत नाही.

आज वाशिमच्या शिवारात कापसापेक्षा सोयाबीन जास्त दिसते. दिवाळीच्या सुमारास सोंगणीचे गुत्ते एकरावर ठरतात, कापूस वेचणीची मजुरी किलोवर मोजली जाते. पहिल्या वेचणीला सीतादही करणारी बाई त्या कामात देव पाहतेच. तिला ते कोणी शिकवावे लागत नाही. तिला हवा असतो तो बाजारातला भाव आणि आपल्या लेकीला दुसरे काम निवडता यावे, याची सोय. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला धनी कामाच्या पावित्र्यावर मजुरांना प्रवचन देत नाही. तो दिवसभरात पुन्हा पुन्हा बाजारात जातो, रिकामे उभे असलेल्यांना कामाला लावतो आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर घर चालेल एवढी मजुरी ठेवतो. कामातला देवाचा हेतू दुसऱ्याला समजावून सांगण्याआधी एवढे करावे लागते. पाचारण या शब्दाचा वऱ्हाडातला इतिहास वाचून मी तरी याच निष्कर्षाला आलो आहे.